रिपोर्ट नॉर्मल, मग त्रास कशाचा?

दोन वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही रक्ताविषयी बोलायला गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत एक बाई हातात फाइल घेऊन आल्या. वय 44. सहा वर्षांपासून त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला दाह होऊन तिथे व्रण पडण्याचा आजार. गोळ्या चालू होत्या, शौचावाटे रक्त पडणं थांबलं होतं. तरी सकाळी शाळेला निघेपर्यंत चार-चारदा जावं लागे, पोटात कळ येई, आणि दुपारच्या तासांना फळ्यासमोर उभं राहवत नसे.

फाइलमधल्या एका कागदावर ईएसआर 38 होता आणि त्याभोवती कुणीतरी लाल पेनाने गोल केला होता. तो पाहून नातेवाइकांनी टीबीची शंका काढली होती. दुसऱ्या कागदावर सीआरपी 2 आणि खाली शेरा : नॉर्मल. हा शेरा वाचून मुख्याध्यापकांनी रजेचा अर्ज बाजूला ठेवला होता. घरीही ‘तुझ्या मनाचंच जास्त आहे’ असं सुरू झालं होतं. हिमोग्लोबिन 10.4 होतं, पण त्याबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं. “सर, यातला माझ्या त्रासाचा आकडा कोणता?” बाईंनी विचारलं.

आम्ही डॉक्टर नव्हे, प्रयोगशाळेत प्रथिनांवर काम करणारे. औषधाचा सल्ला देणं आमचं काम नाही, आणि तसं आम्ही बाईंना सांगितलंही. पण हे आकडे कुठून आले, कुणी आणि कशासाठी शोधले, हा इतिहास आम्हाला ठाऊक होता. तेवढा सांगायला बसलो आणि दुपारचं सत्र उशिरा सुरू झालं.

एक खटला

या आजाराचं आधुनिक वैद्यकातलं पहिलं ठळक वर्णन एका खुनाच्या खटल्यातून आलं. 1859 साली लंडनजवळ रिचमंड इथे इझाबेला बँक्स नावाची स्त्री उलट्या आणि जुलाबांनी आजारी पडली आणि मे महिन्यात वारली. तिच्याशी लग्न केलेले डॉक्टर थॉमस स्मेथर्स्ट आधीच विवाहित होते, आणि तिने मृत्युपत्रात सगळं त्यांच्या नावे केलं होतं. एवढं झाल्यावर विषप्रयोगाचा संशय येणार हे उघडच होतं. त्या काळातले नामांकित विषतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांनी घरातल्या एका बाटलीची तपासणी केली आणि तिच्यात सोमल असल्याचं सांगितलं.

टेलरांची पद्धत अशी : संशयित द्रव आम्लात मिसळून त्यात तांब्याची जाळी घालायची आणि उकळायचं. द्रवात सोमल असेल तर तो तांब्यावर काळसर थर होऊन बसतो. पण या बाटलीत पोटॅशियम क्लोरेट होतं, आणि ते आम्लाबरोबर मिळून तांबंच विरघळवत होतं. तांब्यात मुळात थोडा सोमल मिसळलेला होता, तो सुटून द्रवात आला. चाचणीने दाखवलेला सोमल बाटलीतला नव्हता, टेलरांच्याच जाळीतला होता. ही चूक त्यांना न्यायालयात कबूल करावी लागली. तरीही ज्यूरीने स्मेथर्स्टना दोषी ठरवलं आणि फाशीची शिक्षा झाली. मग गदारोळ उठला. गृहमंत्र्यांनी शल्यविशारद बेंजामिन ब्रॉडी यांचं मत मागवलं, आणि पुरावा अपुरा ठरून खुनाच्या आरोपातून स्मेथर्स्टना माफी मिळाली. दुसऱ्या लग्नाबद्दल मात्र त्यांनी एक वर्ष तुरुंगात काढलं.

याच प्रकरणात गाइज हॉस्पिटलचे सॅम्युअल विल्क्स यांनी इझाबेलाचं आतडं तपासलं आणि त्यातल्या दाहाचं आणि व्रणांचं वर्णन त्याच वर्षी प्रसिद्ध केलं. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ या नावाचा उगम इथे सांगितला जातो. त्या वर्णनात लहान आतड्याचाही उल्लेख असल्यामुळे तो आजार म्हणजे आज आपण ज्याला क्रोनचा आजार म्हणतो तोच असावा, असं पुढच्या काही अभ्यासकांना वाटलं.

टेलर निष्काळजी नव्हते. त्यांच्या चाचणीने ‘इथे सोमल आहे का?’ या प्रश्नाला खरंच उत्तर दिलं होतं. फक्त ‘इथे’ म्हणजे नेमकं कुठे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. बाईंच्या फाइलकडे पाहताना आम्हाला ही जाळी आठवली ती यासाठी.

गढूळ पाण्यातली तुरटी

आता लाल गोलाकडे येऊ. रक्त गोठू न देता काचेच्या नळीत उभं ठेवलं की तांबड्या पेशी हळूहळू तळाशी बसतात आणि वर पिवळसर रक्तद्रव उरतो. एका तासात पेशींची पातळी किती मिलिमीटर खाली गेली, तो आकडा म्हणजे ईएसआर.

आजाऱ्याचं रक्त वेगळं बसतं हे जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. शीर तोडून रक्त काढण्याचा उपचार युरोपात शतकानुशतके चालू होता, तेव्हा भांड्यातल्या रक्ताकडे पाहायला भरपूर संधी होती! दाह असलेल्या माणसाच्या रक्तात पेशी लवकर खाली बसतात अशी नोंद ब्रिटिश शल्यविशारद जॉन हंटर यांच्या 1794 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. वॉर्सामधले डॉक्टर एडमुंड बिएर्नात्स्की यांनी 1897 मध्ये हा वेग मोजला आणि त्याचा संबंध रक्तद्रवातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाशी जोडला. स्वीडनमध्ये रॉबिन फोरेउस यांचं लक्ष 1918 च्या सुमारास वेगळ्याच कारणाने इकडे गेलं. गरोदर स्त्रियांचं रक्त भराभर बसतं हे त्यांना दिसलं आणि गर्भधारणा ओळखण्याची चाचणी हाती लागली असं वाटलं. लवकरच लक्षात आलं की इतर अनेक आजारांतही असंच होतं. 1921 मध्ये त्यांचेच देशबांधव आल्फ वेस्टरग्रेन यांनी क्षयाच्या रुग्णांवर ही पद्धत वापरली आणि नळी व सायट्रेटचं प्रमाण ठरवून दिलं. वेस्टरग्रेन नळी आजही त्याच नावाने ओळखली जाते. आपल्याकडे ईएसआर म्हटलं की लोकांना टीबी आठवतो, त्याचं एक मूळ इथे आहे.

पेशी लवकर का बसतात, हे वर्गात दाखवता येतं. पावसाळ्यातलं गढूळ पाणी दोन उंच ग्लासांत घ्या आणि एकात तुरटी फिरवा. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात आणि तरंगत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे तो भार निष्प्रभ होतो, कण चिकटून गोळे होतात आणि जड होऊन बसतात. तांबड्या पेशींवरही ऋण भार असतो. दाह झाला की यकृत जास्त फायब्रिनोजेन बनवतं. हे लांबट रेणू पेशींना जोडतात आणि नाण्यांच्या चळतीसारखे त्यांचे ढीग होतात. (तुरटी भार घालवते, फायब्रिनोजेन पूल बांधतं. इथपर्यंतच हे उदाहरण ताणावं.)

आता ग्लासातली मातीच कमी केली तर? कणांची गर्दी कमी, खाली जायला वाट मोकळी. रक्तक्षय असेल, म्हणजे तांबड्या पेशी कमी असतील, तर दाह नसतानाही ईएसआर वाढतो. वयानुसारही तो वाढतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त असतो. ब्रिटनमध्ये 1983 साली सुचवलेला एक सोपा हिशेब आहे. पुरुषांसाठी वरची मर्यादा वयाच्या निम्मी. स्त्रियांसाठी वयात दहा मिळवून त्याच्या निम्मी. बाईंसाठी ती 27 येते. म्हणजे 38 थोडा जास्तच, पण शेजारी हिमोग्लोबिन 10.4 होतं. लाल गोल त्याच्याभोवती काढला असता तर बरं झालं असतं.

उलट वागणारं प्रथिन

सीआरपीची कथा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधली. ऑस्वल्ड एव्हरी यांच्या गटात न्यूमोनियाच्या जीवाणूंवर काम चालू होतं. 1930 मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी या जीवाणूंपासून एक शर्करायुक्त अंश वेगळा केला आणि त्याला ‘सी’ म्हटलं. न्यूमोनिया झालेल्या रुग्णाचं सीरम त्यात घातलं की साका बसे. ही प्रतिपिंडाची करामत असणार, असं वाटणं साहजिक होतं. पण प्रतिपिंड आजाराच्या सुरुवातीला नसतात, बरं होताना वाढतात. इथे नेमकं उलटं दिसलं. ताप भरात असताना साका बसायचा आणि रुग्ण बरा झाला की बसायचा नाही. शिवाय न्यूमोनिया नसलेल्या काही रुग्णांच्या सीरमनेही तो बसला. म्हणजे हा पदार्थ जंतूला ओळखून बनलेला नव्हता, शरीराच्या सर्वसाधारण धावपळीची ती खूण होती. ते प्रथिन आहे आणि त्याच्या कामाला कॅल्शियम लागतं, हे 1941 पर्यंत स्पष्ट झालं. (तीनच वर्षांनी, 1944 मध्ये, एव्हरींनी मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांच्याबरोबर याच जीवाणूंवरून आनुवंशिकतेचा पदार्थ डीएनए असल्याचं दाखवलं. एका जीवाणूने एका गटाला किती दिलं!)

आज आपल्याला माहीत आहे की दाहाच्या जागेहून इंटरल्यूकिन-6 हा निरोप्या रेणू यकृताकडे जातो आणि यकृत काही तासांत सीआरपी बनवू लागतं. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे 19 तासांचा. म्हणून दाह विझला की सीआरपी दोन-चार दिवसांत उतरतो, तर ईएसआर आठवडे रेंगाळतो. दोन आकड्यांत विसंगती दिसली तर एक खोटा असं समजायचं कारण नाही. आणखी एक साधी अडचण : काही प्रयोगशाळा सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरमागे. दोन रिपोर्टांत दहापटीचा फरक दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त होतो.

मात्र आतड्याच्या आजारात या प्रथिनाची एक मर्यादा आहे. क्रोनच्या आजारात दाह आतड्याच्या भिंतीच्या आरपार जातो आणि सीआरपी बहुधा चांगला वाढतो. कोलायटिसमध्ये दाह मुख्यतः अस्तरापुरता असतो, आणि सीआरपी त्या मानाने कमी वाढतो. अनेकदा वाढतच नाही. बाईंच्या कागदावरचा ‘नॉर्मल’ हा शब्द आतड्यात दाह नाही असंही सांगत नव्हता, आणि त्रास नाही असं तर मुळीच नाही.

डायरी आणि दुर्बीण

1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी 14 रुग्णांवरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या दाहाचं वर्णन केलं. लेखकांची नावं अकारविल्हे लावल्यामुळे आजाराला क्रोनचं नाव चिकटलं. ग्लासगोच्या केनेडी डॅलझील यांनी 1913 मध्येच तसे रुग्ण वर्णिले होते आणि गुरांच्या योन रोगाशी त्याचं साम्य दाखवलं होतं. आपल्या देशात या आजाराची मोठी अडचण म्हणजे आतड्याचा क्षय. दोघांत पोटदुखी, वजन उतरणं, वाढलेला ईएसआर सारखंच असतं, त्यामुळे इथे पुष्कळ रुग्णांना आधी क्षयाची औषधं देऊन पाहिली गेली आहेत.

ऑक्सफर्डचे सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी 1955 मध्ये कोलायटिसवरच्या कॉर्टिसोनच्या मोठ्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष दिले. 210 रुग्ण, निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषधासारख्या दिसणाऱ्या गोळ्या. आजार तीव्र कधी म्हणायचा याचे निकष त्यांनी लावले : दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्तासह शौच, आणि बरोबर ताप, 90 च्या वर नाडी, रक्तक्षय किंवा 30 च्या वर ईएसआर. रुग्णालयांत हे निकष अजून वापरात आहेत. त्यांत लक्षणं आणि रक्त शेजारी शेजारी बसलेली आहेत, आणि तीव्र आजारात ती बहुतेक एकत्रच चालतात.

घोटाळा होतो तो आजार सौम्य असताना किंवा शांत झाल्यावर. 1976 मध्ये अमेरिकेत क्रोनच्या आजारासाठी एक निर्देशांक तयार झाला. रुग्णाने सात दिवस डायरी लिहायची : किती पातळ शौच, पोट किती दुखलं, एकंदर कसं वाटलं. पुढची कित्येक औषधं या निर्देशांकावर जोखली गेली. पण दुर्बिणीने आतडं आतून पाहणं सोपं झालं तसं दिसू लागलं की डायरी आणि आतडं यांचा मेळ बसतोच असं नाही. ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्यांच्या आतड्यात व्रण सापडत. उलट बाजूही होती. 1983 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी कोलायटिस शांत झालेले रुग्ण तपासले, तर सुमारे तिसऱ्या हिश्श्याला पोट फुगणं, कळ येणं, घाईने जावं लागणं असे त्रास होतेच. 2012 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब झाला. आजार शांत असलेल्यांतही हे प्रमाण सुमारे 35 टक्के निघालं.

हे त्रास कशाने राहतात? दाहाच्या काळात आतड्याच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते आणि दाह गेल्यावरही ती सगळी उतरत नाही. नेहमीचा वायू, नेहमीची हालचालही मग दुखते. क्रोनच्या रुग्णात लहान आतड्याचं शेवटचं टोक खराब झालं असेल किंवा काढलं असेल, तर पित्ताम्लं परत शोषली जात नाहीत, ती मोठ्या आतड्यात उतरून जुलाब करतात. त्याच टोकाला ब-12 जीवनसत्त्व शोषलं जातं, तेही कमी पडतं. जुन्या व्रणांच्या जागी वण धरून आतडं अरुंद झालेलं असू शकतं. कुणाला दूध पचत नसतं. आणि लोह. दाह असताना यकृत हेप्सिडिन नावाचा संप्रेरक सोडतं, तो लोहाचं शोषण अडवतो. वर रक्तस्राव झालेला असतोच. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन मात्र दाहात आपणहून वाढतं. म्हणून दाह चालू असताना फेरिटिन 60 किंवा 80 दिसलं तरी साठा रिकामा असू शकतो. हीसुद्धा टेलरांची जाळीच! यांतलं एकही कारण मनाचं नाही, आणि यांतल्या एकाचाही आकडा सीआरपीच्या चौकटीत उमटत नाही.

दाह आहे का, हे रक्तापेक्षा जवळून विचारण्याची सोय नॉर्वेमधून आली. ओस्लोच्या माग्ने फागेरहोल यांच्या गटाने 1980 मध्ये पांढऱ्या पेशींतलं एक प्रथिन वेगळं केलं. त्याला पुढे कॅलप्रोटेक्टिन नाव मिळालं. दाहाच्या जागी गोळा झालेल्या या पेशी आतड्यात गळतात आणि प्रथिन विष्ठेबरोबर बाहेर येतं. 1992 मध्ये त्याच शहरातून विष्ठेत ते मोजण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. साधारणपणे ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर आतडं शांत समजतात, 250 च्या वर असेल तर दाहाची शंका बळावते. जंतुसंसर्गाने आणि काही वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढतं, तेव्हा हाही आकडा एकट्याने वाचायचा नाही. 2017 मध्ये क्रोनच्या 244 रुग्णांवर एक तुलना प्रसिद्ध झाली. निम्म्यांचे उपचार मुख्यतः लक्षणांवरून वाढवले, निम्म्यांचे लक्षणांबरोबर सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिनही पाहून. 48 आठवड्यांनी पहिल्या गटात 30 टक्क्यांचं अस्तर भरून आलं होतं, दुसऱ्यात 46 टक्क्यांचं. बरं वाटतंय म्हणून तपासणी टाळणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बाईंनी वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहून नेले : कॅलप्रोटेक्टिन करायचं का, फेरिटिन किती आहे, आणि आतडं शांत असेल तर उरलेल्या त्रासावर वेगळा उपचार काय. पुढे त्यांचं पत्र आलं. कॅलप्रोटेक्टिन 42 निघालं, फेरिटिन 9. डॉक्टरांनी शिरेतून लोह दिलं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 12.1 झालं आणि दाहावरचं औषध तेच असताना ईएसआर 38 वरून 21 वर आला. दुपारचा थकवा बराच कमी आहे. सकाळची घाई मात्र आहेच, थोडी उतरली आहे. म्हणून पहिला तास त्यांनी एका सहकाऱ्याशी बदलून घेतला.

पत्रासोबत आठवीच्या मुलांनी केलेल्या तुरटीच्या प्रयोगाच्या नोंदी होत्या, दर पाच मिनिटांना किती मिलिमीटर अशा. एका मुलीने विचारलं होतं, पाणी नितळ दिसलं म्हणजे त्यातले जंतू गेले का? पुष्कळसे गाळाबरोबर खाली बसतात, सगळे नाही. प्यायचं असेल तर वरचं पाणी काढून उकळावं लागेल, असं आम्ही कळवलं आहे.